शेवटचा आकडा

क्लेम परत आला. तिसऱ्यांदा.
कारण एका ओळीत: बाजू नमूद नाही.

खांद्याच्या दुखण्याला सहा जागा असतात आमच्याकडे,
एम, मग पंचवीस, मग टिंब, मग पाच आणि एक,
आणि शेवटचा आकडा बाजूचा.
एक म्हणजे उजवा. दोन म्हणजे डावा.
नऊ म्हणजे लिहिणाऱ्याला घाई होती.

यल्लुबाई कंग्राळकर, वय अठ्ठावन्न,
राहणार वडगाव, बेळगाव. काम: कांड्या भरणे.
डॉक्टरांच्या अक्षरात साडेतीन शब्द,
खांदा, तीन महिने, आणि एक रेघ
जी ‘वेदना’ असावी असं मी धरून चाललो.
आणि समासात, पेन्सिलीनं,
रात्रपाळीच्या गंगव्वा सिस्टरनी कानडीत लिहिलेलं:
बल.

मी थांबलो.
शाळेत गिरवलेली ती गोल अक्षरं वाचता येतात मला,
पण कानाला आधी मराठीच ऐकू येते.
बल. म्हणजे जोर होता तो खांदा?
की जोर गेला तो?
मग बसचा कंडक्टर आठवला, दारात लोंबकळत ओरडणारा,
बलक्के, बलक्के, उजवीकडं घे.
आणि एड म्हणजे डावा,
ज्याला आम्ही पोरं येडा म्हणून हसायचो,
आणि हिरेमठ सर छडी टेकवून म्हणायचे,
हसा, आणि डाव्या हाताशिवाय चड्डीची नाडी बांधून दाखवा.

पण ऑडिटला पेन्सिल चालत नाही.
आणि विचारणं माझं काम नव्हे,
लिहायचं डॉक्टरांनी, मी आकडा द्यायचा.
तरी फोन लावला.
पलीकडे माग चालू, खटाखटा.

“यल्लुबाई, खांदा कुठला दुखतोय?”
“पहिला उजवा दुखूलालता.
मग मी डाव्यानं चरखा फिरवूलालो.
आता डावा बी बोलूलालाय.”
“आत्ता जास्त कुठला?”
खटाखटा, खटाखटा.
“सकाळी एक, रातीला एक.
तुम्हाला कुठला पायजे?”

मी काही बोललो नाही तेव्हा तीच म्हणाली,
“येऊन दाखवू काय? बसला पैसं पडत नाहीत आता आमाला.”

आली. शून्य रुपयाचं तिकीट चार घड्या करून,
फाईलला लावा म्हणाली, आलो होतो म्हणून.

डॉक्टर म्हणाले, हात वर करा.
उजवा खिडकीच्या दुसऱ्या गजापर्यंत गेला आणि थांबला.
डॉक्टरांनी स्वतः धरून उचलला, तरी तिथंच,
आतून कडी लावलेल्या दारासारखा.
डावा वरपर्यंत गेला, कुरकुरत.
“वेणी कोण घालतं?” सिस्टरनी विचारलं.
“सून. पण लई घट्ट घालती.”
हे कुठेच लिहिलं गेलं नाही.
लिहिलं गेलं: उजवा खांदा गोठलेला.
तारीख, वेळ, सही.

त्यासरशी पंचवीसचे पंचाहत्तर झाले.
पंचविसात नुसतं दुखत असतं,
पंचाहत्तरात दुखण्याला नाव असतं,
आणि नाव असलं की पैसे सुटतात.
एम पंचाहत्तर, टिंब, शून्य, एक.
डाव्यासाठी खाली वेगळी ओळ घातली, पंचवीसचीच, शेवटी दोन.
डॉक्टरांनी ‘डावाही थोडा’ असं लिहिलं होतं म्हणून.
कंपनी ती कापेल. कापू दे.

तिकिटाला पंचनं भोक पाडून शेवटच्या पानामागे ओवलं.
गंगव्वा सिस्टर खोडरबर घेऊन आल्या,
समासातलं पुसू काय, विचारलं कानडीत.

ब्याड, म्हणालो.
असू दे.